चार नंबरचा पेपर

१

"आणा, मूळ हरकती दाखवा," साहेब म्हणाले. मी मोठ्या ऐटीत कागदांच्या लाल बस्त्याची गाठ सोडली.

आत लोणझरीच्या एकतीस घरांचे हरकतअर्ज असायला हवे होते. निघाले दुसरीच्या पोरांचे जुने पेपर. सगळ्यात वरच्या पेपरावर कोण्या पोरानं गाय काढली होती आणि तिला पाच पाय दिले होते.

साहेबांनी तो पेपर उचलून उलटसुलट पाहिला. "मॅडम, हे काय आहे?"

मला काय माहीत! मी अख्खा गठ्ठा टेबलावर पालथा केला. पेपर, पेपर आणि नुसते पेपर. बाजूला किसनराव उभे होते, आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. त्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला, "बाप्पा!"

मी अनसूया. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत मास्तरकी केली, आता गावोगाव पालकांना गोळा करून शाळा वाचवायच्या मागं लागलेय. तोंडानं फटकळ आहे, हे मला आधीच सांगून टाकलेलं बरं. या गोष्टीत त्या तोंडानंच घात केला आहे.

लोणझरी अकोटपासून पुढं. घरं फुलांची आणि भाजीची. शाळा चौथीपर्यंत. मागच्या सप्टेंबरला पट एकोणीस भरला, आणि वीसच्या खाली आला म्हणून शाळा बंद करून पोरं पाच किलोमीटरवरच्या समूह शाळेत पाठवायचं ठरलं. मधे नाला. पावसाळ्यात त्या नाल्यातून बैल उतरत नाही, तिथं सहा वर्षांचं लेकरू काय उतरणार? हे सगळं लिहून, ग्रामसेवकासमोर सह्या-अंगठे घेऊन, एकतीस मेच्या मुदतीत आम्ही अर्ज तयार केले होते; मूळ कागद सुनावणीत द्यायचे होते. आज, गुरुवारी तेरा जूनला, अकोल्यात शिक्षणाधिकारी साहेबांसमोर सुनावणी होती.

"झेरॉक्स आहे आमच्याकडे," मी म्हटलं.

"झेरॉक्सवरचा अंगठा मी कसा धरू? आणि नवीन सह्या आणाल तर मुदत संपलेली आहे." साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी कॅलेंडर पाहिलं. "शनिवारी पाचपर्यंत थांबतो. मूळ कागद आणा. नाहीतर मला 'हरकत नाही' असं लिहावं लागेल."

बाहेर व्हरांड्यात गावच्या बारा-पंधरा बाया बसल्या होत्या. मी सांगितलं तशी सगळ्यात आधी करिश्मा रडली. चांगली हमसून रडली. तीस वर्षांची, सातवी शिकलेली, आमच्या प्रत्येक मोर्चात पुढं. मी तिला पोटाशी धरलं आणि म्हटलं, "रडू नको, मी त्या चोराची हड्डी-पसली एक करीन."

तेव्हा मला एकच गोष्ट पक्की कळली होती. तो बस्ता गावाबाहेर कधी गेलाच नव्हता. ज्यानं तो बदलला, त्यानं आमच्यासोबत बसून भाकर खाल्ली होती.

२

आमच्या कामाची एक रीत आहे. कागद पुढाऱ्याच्या घरी ठेवायचे नाहीत. पुढाऱ्याला फोडता येतं, दमात घेता येतं. म्हणून बस्ता फिरता. रोज संध्याकाळी तो दुसऱ्या घरी जातो. घेणाऱ्यानं देणाऱ्यासमोर कागद मोजायचे, आकडा वहीत लिहायचा आणि बस्ता देवाजवळ ठेवायचा. ही रीत माझीच. मला तिचा फार अभिमान होता. तशा मला पुष्कळ गोष्टींचा अभिमान होता. फेब्रुवारीत शाळेच्या फळ्यावर वर्तुळं काढून मी बायांना शिक्षणाचे नवे नियम समजावले होते, तर बाया म्हणाल्या होत्या, ताई, तुमी सांगतलं की डोक्यात फिट बसते.

वहीत शेवटची तीन नावं होती. सोमवारी किसनराव. मंगळवारी माणिकबाई, म्हणजे करिश्माची सासू. बुधवारी शाळेत, शेखर सरांच्या ताब्यात. गुरुवारी सकाळी मी उचलला. तिन्ही नावांपुढं आकडा एकच, एकतीस. मी मात्र मोजले नाहीत. माझीच रीत मीच मोडली, कारण एसटी सुटत होती.

तीन माणसं आणि हाताशी दोन दिवस. आणि पेपर कुठले? शाळेतले. आता यात डोकं काय चालवायचं?

परत येताना सगळ्या गाडीत मी दात-ओठ खात होते. उतरले ती सरळ शाळेत. मागं निम्मं गाव.

शेखर सर अमरावतीचे, चाळिशीचे, सहा वर्षांपासून या शाळेत एकटे चार वर्ग सांभाळणारे. मी पेपर त्यांच्या टेबलावर आपटले. "हे तुमचे आहेत ना?"

त्यांनी पाहिले. "हो, मागच्या वर्षीच्या दुसरीचे. पण ताई, ही रद्दी मी एप्रिलमध्येच देऊन टाकली. अर्धी किसनरावांना, भेंडीच्या कॅरेटमध्ये अंथरायला. अर्धी माणिकबाईंना, फुलांच्या पुड्या बांधायला. दरवर्षी देतो."

"आणि काल बस्ता घेताना कागद मोजले का?"

सरांनी खाली पाहिलं. "करिश्माताई घेऊन आल्या. मोजून आणले म्हणाल्या. मी आकडा लिहिला."

"वा! दुसऱ्यानं मोजले आणि तुम्ही लिहिले! पोरांची गणितंही अशीच तपासता का?"

"ताई, माझं चुकलं."

"चुकलं नाही. तुमच्या मनातच नव्हतं. खरं सांगा, ही शाळा बंद पडली तर तुमची बदली कुठं होते?"

दारातून कोणी तरी ओरडलं, "अमरावतीले! सरचा अर्ज हाये, माह्या भावानं पाह्यला!"

"अर्ज आहे," सर हळूच म्हणाले. "बायकोचं डायलिसिस चालू आहे. दर वर्षी अर्ज लिहितो. दर वर्षी फाडतो. यंदा फाडला नाही."

मी थांबायला हवं होतं. त्या माणसाच्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं असतं तरी थांबले असते. पण माझ्या डोक्यात राख गेली होती, आणि मागं चाळीस माणसं ऐकत होती. मी म्हटलं, "म्हणजे बायकोसाठी एकोणीस पोरांचा गळा कापला तुम्ही!"

सरांनी खिशातून कपाटाच्या, दरवाज्याच्या, पाण्याच्या टाकीच्या चाव्या काढल्या. एकेक करून टेबलावर ठेवल्या. पिशवी उचलली आणि चालायला लागले. त्यांना कोणी थांबवलं नाही. मीही नाही.

३

शुक्रवारी सकाळी किसनरावांकडं गेले, ते केवळ खात्री म्हणून. माझ्या लेखी चोर सापडला होता, फक्त कागद सापडायचे होते.

किसनराव गोठ्यात होते. मला पाहून त्यांनी खाट झटकली, पण नजर काही केल्या वर येईना. मी तीस वर्षं पोरांचे चेहरे वाचले आहेत. म्हटलं, इथंही काही तरी मुरतंय.

"किसनराव, फाट्यावरच्या खासगी कॉन्व्हेंटचं काय?"

"काय त्याचं?"

"ते मागचं पटांगण कोणाच्या जागेत आहे?"

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. "माह्याच. दोन वर्षं झाले भाड्यानं देल्लं. मी शाळा समितीचा अध्यक्ष आन जागा देल्ली कॉन्व्हेंटले. मले शरम वाटते ताई, म्हनून सांगतलं नाई. पन कागद मी घेतले नाई. आपली शाळा बंद झाली काय, चालू राह्यली काय, माह्यं भाडं तेच येते. मंग मी कावून चोरीन?"

बोलणं बिनतोड होतं. कॉन्व्हेंटची फी या गावात कोणाच्याच आवाक्यातली नव्हती. शाळा बंद झाली म्हणून एकही पोर तिकडं जाणार नव्हतं, निदान तेव्हा मला असंच वाटत होतं.

"सरांनी दिलेली रद्दी कुठं आहे?"

ते आत गेले आणि सुतळीनं बांधलेला गठ्ठा घेऊन आले. तशीच, न सुटलेली सरांची गाठ. यंदा भेंडी लवकर संपली, कॅरेटला रद्दी लागलीच नाही. मी चाळून पाहिली. सगळे पेपर तिसरी-चौथीचे. दुसरीचा एकही नाही.

म्हणजे दुसरीचे पेपर माणिकबाईंच्या वाट्याला गेले होते. आणि ते सरांकडं परत कसे जातील?

मी तिथंच खाटेवर बस्त्यातले पेपर पसरले आणि कालपासून जे करायला हवं होतं ते केलं. मास्तरणीसारखे लावून पाहिले. दोन सत्रं, तीन विषय, म्हणजे सहा गठ्ठे. वर्गात पोरं सात. प्रत्येक गठ्ठ्यात एक, दोन, तीन, पाच, सहा, सात. पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच.

सहाही गठ्ठ्यांत हजेरी नंबर चारचा पेपर नव्हता.

"एखादं पोरगं गैरहजर असंन," किसनराव म्हणाले.

"दोन्ही सत्रांत? तिन्ही विषयांना?"

शाळेत गेले. चाव्या अजून टेबलावरच होत्या. कपाट उघडून मागच्या वर्षीचं हजेरीपत्रक काढलं. चार नंबर, ईशान. सगळ्या परीक्षांना हजर. निकालपत्रकात सहाही ठिकाणी गुण, सरांच्या बारीक अक्षरात. म्हणजे पेपर होते. कोणी तरी ते निवडून बाजूला काढले होते.

दुसऱ्याच्या पोरांचे पेपर बस्त्यात कोंबायला त्या हाताला काही वाटलं नव्हतं. पण आपल्या पोराचे पेपर चोरीच्या मालात घालवेनात. हे चोराचं काम नव्हे. हे आईचं काम होतं.

ईशान करिश्माचा थोरला.

४

तरी मनाला पटेना. घरात दोघी होत्या. सासू होती. म्हातारीनंच केलं असेल, करिश्मानं नाही, असं मी स्वतःला बजावत त्यांच्या दारात गेले. माणूस किती लबाड असतं, पाहा. मला म्हातारी चोर हवी होती, कारण तरणी माझी लाडकी होती.

माणिकबाई ओसरीवर फुलांच्या पुड्या बांधत होत्या. रद्दीचे अर्धे-अर्धे तुकडे करून, फुलं ठेवून, वरून केळीच्या सोपटाचा वेढा. हात कसे यंत्रासारखे चालत होते.

"बसा ताई. कागद भेटले का जी?"

"नाही. माणिकबाई, या रद्दीत तुमच्या ईशानचे पेपर होते का हो?"

"मले काय ठाव माय! मले कुठी वाचता येते? मले तं सारे कागद सारखेच." त्यांनी आत बोट केलं. "मंगळवारी राती सुनेनं काढले त्याचे. पेटीत ठेवले. म्हने, पोट्ट्याचं अक्षर चांगलं हाये, त्याच्यात फुलं नाई बांधाची."

ज्या बाईला अक्षर ओळखू येत नाही, तिला सहा गठ्ठ्यांतून एका पोराचं नाव शोधता येत नाही. सरांनी वहीत न मोजता आकडा लिहिला, तो करिश्माच्या शब्दावर. हे सर मला म्हणाले होते. मी ऐकलं कुठं?

आणि मग आणखी एक गोष्ट आठवली. करिश्माची धाकटी, स्वराली, यंदा पहिलीला. एप्रिलपासून मी विचारत होते, पोरीचं नाव घातलं का शाळेत? आणि करिश्मा दर वेळी म्हणत होती, आधार यायचं हाये ताई, आलं की घालतो. जी बाई या शाळेसाठी उन्हात तीन तास घोषणा देत होती, तिनं आपल्या पोरीचं नाव या शाळेत घातलं नव्हतं.

करिश्मा मळ्यात मोगरा खुडत होती. स्वराली बांधावर बसून कळ्या मोजत होती, एकोणतीसनंतर पुन्हा वीस म्हणत होती.

"तीस," मी म्हटलं.

करिश्मानं वर पाहिलं. माझ्या हातातले पेपर पाहिले. ओच्यातली फुलं टोपलीत ओतली आणि पोरीला म्हणाली, "जाय, आजीजवळ जाय."

पोरगी गेली. करिश्मा म्हणाली, "समजलं तुमाले."

"कागद कुठं आहेत?"

"जाळले. बुधवारी सकाळी, चुलीत."

मी मटकन खालीच बसले. भिजलेली माती होती, लुगडं खराब झालं असेल, कोणाला सुचतंय! एकतीस घरांचे अंगठे. एका म्हातारीला तर अंगठा उठत नव्हता, तिनं चारदा शाई लावली होती.

"काहून गं? काहून? कॉन्व्हेंटवाल्यांनी काही दिलं का तुला?"

"नाई." ती एकदम चिडली. "तुमाले मी तशी वाटली? एक दाना घेतला नाई मी कोनाचा."

"मग?"

"तुमीच तं सांगतलं होतं, ताई."

"मी?"

"फेब्रुवारीत. फळ्यावर वर्तुळ काढलं होतं तुमी. मधात कॉन्व्हेंट. आन वर्तुळाच्या आत आपली शाळा. तुमी म्हनले, गरिबाच्या लेकराले खासगी शाळेत पहिलीत मोफत जागा भेटत होती, शंभरात पंचवीस. आता सरकारनं नियम बदलला. खासगी शाळेच्या एका किलोमीटरच्या आत सरकारी शाळा असंन, तं ते मोफत जागा बंद. तुमी बोट ठेवून म्हनले, ही आपली शाळा इथी उभी हाये तोवर कॉन्व्हेंटचं दार तुमच्या लेकरांसाठी बंद."

म्हटलं होतं. शब्द न् शब्द माझाच होता. मी सरकारवर चिडून बोलत होते, लोकांना पेटवायला. खडू टचकन मोडला होता, इतक्या जोरानं वर्तुळ काढलं होतं.

"मी लय विचार केला," करिश्मा म्हणाली. "ईशान तिसरीत हाये, त्याचं झालं ते झालं. पन मोफत जागा फक्त पहिलीत भेटते. स्वराली एकदाच पहिलीत जाईन. यंदाच. आपली शाळा राह्यली तं तिचं दार बंद. आपली शाळा गेली तं उघडं. मी पंधरा दिवस झोपली नाई ताई. बस्ता देवाजवळ होता, आन मी देवाकडे पाहू शकत नव्हती. मले मालूम हाये मी काय केलं. एकोनीस लेकरांचं नुकसान केलं. पन मले माह्या पोरीसाठी एक तरी दार उघडाचं होतं."

"करिश्मा," मी म्हटलं. "तो नियम नाही आता."

"काय?"

"मे महिन्यात हायकोर्टानं त्याला स्थगिती दिली. जुनंच चालू झालं. आपली शाळा असली तरी कॉन्व्हेंटची मोफत जागा मागता येत होती. पुन्हा अर्ज मागवले होते."

"कदी?"

"मेच्या मध्यापासून. चार जूनपर्यंत."

बोटांवर मोजायला तिला वेळ लागला नाही. कागद जळाले होते बारा जूनला.

"म्हंजे मले काहीच नाई करा लागत होतं? नुसता अर्ज?"

"नुसता अर्ज."

"मंग तुमी सांगतलं कावून नाई?"

"मी... ग्रुपवर टाकलं होतं."

"कोनता ग्रुप?"

व्हॉट्सॲपचा. लोणझरी पालक मंच. स्थगिती आली त्या दिवशी मी अकोल्यात पेढे वाटले, मोठा मेसेज लिहिला, शेवटी तीन फुलं टाकली, आणि पाठवून दिला. उन्हाचा तडाखा होता, एसटीची गर्दी होती, म्हटलं कशाला जायचं आता गावाला, सगळ्यांना कळेलच. नियम आला तेव्हा मी स्वतः आले होते, फळा घेऊन, खडू घेऊन. नियम गेला तेव्हा मोबाईलवर सांगितलं.

करिश्माकडं मोबाईल नव्हता. घरातला एकुलता एक फोन नवऱ्यासोबत, तो फुलांची गाडी घेऊन चार-चार दिवस नागपूरला.

"आता कुठी भरू अर्ज?" तिनं विचारलं. मळ्याच्या मधोमध उभी राहून, पदराला हात पुसत, अगदी साधं विचारलं. "आज जाऊन भरता येईन का?"

मी नकारार्थी मान हलवली.

मग ती खाली बसली आणि तिनं स्वतःच्याच तोंडात मारून घ्यायला सुरुवात केली. मी तिचे हात धरले. काल व्हरांड्यात धरली होती तशी पोटाशी धरली नाही. ते मला जमलं नाही.

५

शनिवारी पाचला मी साहेबांसमोर झेरॉक्स ठेवली. त्यांनी विचारलं, मूळ? मी नाही म्हटलं. त्यांनी चहा मागवला. मी तो प्याले आणि त्यांनी 'हरकत नाही' असं लिहिलं.

आल्या पावली शेखर सरांना फोन लावला. आठव्यांदा उचलला. मी माफी मागितली, सगळं सांगितलं, परत या म्हटलं.

"कुठं येऊ, ताई?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "शाळाच नाही. बदलीचा आदेश आलाय, मंगळवारी अमरावतीच्या शाळेत हजर व्हायचंय. मी चाळीस माणसांसमोर उभा होतो, त्यातला एकही म्हणाला नाही की हा माणूस असं करणार नाही. सहा वर्षं झाली होती मला तिथं."

रविवारी सकाळी गाव शाळेच्या पटांगणात बसलं. मी उभी राहिले. करिश्मा बायांच्या शेवटच्या रांगेत, मांडीवर स्वराली. तिचे डोळे माझ्यावर होते.

"सरांनी काही केलं नाही," मी म्हटलं. "मी त्यांच्यावर खोटा आळ घेतला."

"मंग कोनं केलं?"

सांगितलं असतं तर त्या बाईला या गावात कोणी पाणी विचारलं नसतं. न सांगितलं तर सरांचं नाव धुऊन निघणार नव्हतं. दोन दिवस मी हेच उकरत होते. रहस्य उलगडलं की सगळं सुटतं म्हणतात. कसलं सुटतंय! मला आता सगळं ठाऊक होतं आणि त्याचा कोणालाच काडीचा उपयोग नव्हता.

"माझ्यामुळं झालं," मी म्हटलं. "मी एक नियम अर्धाच सांगितला. तो रद्द झाला ते सांगायला आले नाही. त्या चुकीतून कागद गेले. कोणाच्या हातून गेले ते मी सांगणार नाही. पण सरांच्या नाही."

पटांगणात कुजबुज झाली. मग किसनराव उठले. त्यांचा आवाज मऊच होता. "ताई, तुमी लय चांगल्या हात. पन आमी काय लहान लेकरं नाई. सर मास्तर, तुमीबी मास्तर. तुमी त्याले वाचवून राहिल्या."

माना हलल्या. "हो नं." "मास्तर मास्तराचंच पाहीन." मी ओरडले, शपथा घेतल्या, तोंडाला फेस आला. जितकी ओरडत होते तितका त्यांचा विश्वास उडत होता. गुरुवारी एका वाक्यात मी त्यांना पटवलं होतं की सर चोर आहेत. आता ते परत घेता येईना.

करिश्मा एकदा अर्धवट उठली. तिचे ओठ हलले. स्वरालीनं पदर ओढला, "मा, काय झालं?" आणि ती परत बसली. मी तिच्याकडं पाहणं सोडून दिलं.

सभा मोडली. पालक मंचही त्याच दिवशी मोडला. वही कोणी घेऊन गेलं, की तिथंच पडली, मी विचारलं नाही.

६

एक जुलैला समूह शाळा उघडली. मी नाल्यावर जाऊन उभी राहिले. का गेले, सांगता येत नाही. अजून मोठा पाऊस नव्हता, पाणी घोट्याएवढंच. सकाळी आठ ते दहा उभी होते. एकोणिसांतली सात पोरं आली, सातही मुलगे. ईशान त्यांत होता. चपला हातात घेऊन उतरला आणि मला "नमस्ते बाई" म्हणाला.

मुलगी एकही आली नाही. बापांचं म्हणणं ठरलेलं, पाच किलोमीटर कोण सोडणार, कोण आणणार? घरी राहीन, फुलं खुडीन.

परतीच्या वाटेवर करिश्मा भेटली. डोक्यावर मोगऱ्याची टोपली, अकोटच्या गाडीसाठी निघालेली. मागं स्वराली, तिच्याही डोक्यावर छोटी टोपली. त्या दिवसानंतर आम्ही बोललो नव्हतो. मी बाजूला होऊन वाट दिली. ती पुढं गेली, थांबली, आणि मागं वळली.

"ताई."

"बोल."

"आनखी असा काही नियम आला, नाई तं गेला, तं घरी येऊन सांगजा. मोबाईलवर नका टाकजा. मले वाचता येते, पन मोबाईल नाई माह्याजवळ."

मी हो म्हटलं. मग तिची गाडी आली आणि दोघी टोपल्या घेऊन चढल्या.